हर्णैचा वारा आणि हर्णैचे बंदर



पावसाळ्याच्या दिवसांत बातम्या संपल्या की हवामानाचा वृत्तान्त येतो आणि त्यात एक वाक्य हमखास असते : वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मधूनमधून झोत ६५ किलोमीटरपर्यंत, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आपण देशावरची किंवा डोंगरपट्टीतली माणसे पावसापुरते ऐकतो आणि या वाक्याशी येऊन रेडिओ बंद करतो. पण ज्याच्यासाठी हे वाक्य उच्चारले जाते त्याचे काय होते? त्याने ते ऐकले, मानले, तरी पुढे तो करतो काय? या एका प्रश्नासाठी आज मी तुम्हांला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरावर घेऊन जाणार आहे. ते बंदर म्हणजे दापोली तालुक्यातले हर्णै.

दापोली हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंच, म्हणजे अडीचशे मीटरांच्या आतबाहेर आहे. तिथून पश्चिमेकडचा रस्ता धरला की आसूदच्या पोफळींतून आणि लाल मातीच्या उतारावरून पंधरा-सोळा किलोमीटरांत तुम्ही समुद्राशी येता. उतरता उतरता हवा बदलते. वर दापोलीला पौष-माघात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली उतरतो आणि माणसे शेकोटी करून बसतात. खाली हर्णैला त्याच पहाटे कोळी पोरगा एका सदऱ्यावर होडी ओढीत असतो. अंतर म्हणाल तर शाळेच्या सहलीइतके. पण पाणी उशिरा तापते आणि उशिरा निवते, म्हणून समुद्राच्या कुशीतल्या गावाला थंडी कडक नाही आणि उन्हाळाही भट्टीचा नाही. उकाडा मात्र आहे. घाम येतो तो वाळत नाही, कारण हवेतच ओल. पाठ्यपुस्तकात ज्याला सम हवामान म्हणतात ते हे. मुलांना 'सम' या शब्दावरून वाटते की मोठे सुखाचे हवामान असेल! मे महिन्यात दुपारी दोन वाजता हर्णैच्या बाजारात उभे केले म्हणजे त्यांना नीट कळेल.

गावाच्या उत्तरेला पाजपंढरी ही कोळ्यांची मोठी वस्ती. तिच्यापुढे जोग नदीची खाडी आणि खाडीपलीकडे आंजर्ले. तिथला कड्यावरचा गणपती पुष्कळांनी पाहिला असेल. दक्षिणेला मुरूड, कर्दे, लाडघर ही वाळूच्या किनाऱ्यांची गावे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि इकडे जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा असे तीन लहान किल्ले. एका गावाला चार किल्ले, हे वैभव थोडे नव्हे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. कनकदुर्गावर आज दीपगृह आहे.

किल्ले इथेच का बांधले आणि मासेमारीचे बंदरही इथेच का वाढले, याचे उत्तर एकच. काळ्या खडकाचे नाक समुद्रात घुसले आहे, समोर बेट आहे, त्यामुळे उघड्या किनाऱ्यापेक्षा इथे थोडा आडोसा मिळतो. 'थोडा' हा शब्द ध्यानात ठेवा. बाकीच्या व्याख्यानाचा भार त्याच्यावर आहे.

सुवर्णदुर्ग हे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे एक भक्कम ठाणे होते. पुढे पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचे बिनसले, पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले आणि १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स याने तोफा डागून हा किल्ला पाडाव केला. आपलेच आरमार आपणच परक्यांकडून मारवले, ही गोष्ट सांगताना वर्गात माझा आवाज थोडा उतरतो. पण आजच्या विषयापुरती दुसरी एक बाब पाहा. सुवर्णदुर्ग पडला एप्रिलात, आणि तुळाजीचे मुख्य ठाणे विजयदुर्ग पडले १७५६ च्या फेब्रुवारीत. मध्ये पावसाळा होता. शिडाच्या जहाजांना पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात उभे राहायला जागा नाही, आणि मोठमोठ्या आरमारांनासुद्धा वैशाख संपता संपता बंदर गाठावे लागे. लढाईची वेळ ठरवणारा खरा सेनापती नैर्ऋत्येचा वारा होता.

आता वाऱ्याकडेच वळू.

पावसाळा सोडला तर हर्णैच्या दिवसाला दोन वारे आहेत. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊबदार राहतो. म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. हा मतलई वारा. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटतो, समुद्राकडून जमिनीकडे येतो. हा खारा वारा. परीक्षेत दोन गुणांना येणारी ही माहिती; पण यंत्रे नव्हती तेव्हा सगळ्या किनाऱ्याची पोटे या दोन वाऱ्यांवर भरत. पहाटे मतलईवर शीड सोडायचे आणि मासे भरून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. जाताना फुकट आणि येताना फुकट. आता इंजिने आली, बोटी आठ-आठ दिवस बाहेर राहू लागल्या, तरी जुना तांडेल पहाटे घराबाहेर येऊन मान फिरवतो आणि कोणत्या कानाला वारा लागतो ते पाहतो. फाल्गुनापासून दुपारचा वारा वायव्येकडून जोर धरतो. समुद्र निळाशार, आकाश स्वच्छ, आणि तरीही लाटांवर पांढरे तुरे. मुंबई-पुण्याकडून आलेला पाहुणा म्हणतो, काय सुंदर हवा आहे! होडीवाला काही बोलत नाही, होडी वर ओढून घेतो.

पाऊस येतो तो मृगाचा, असे आपण म्हणतो. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते आणि दक्षिण कोकणात पाऊस साधारण त्याच सुमारास पोचतो, म्हणून पंचांग आणि वेधशाळा यांचे इथे फारसे भांडण नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्याला पडतो त्याच्या चौपटीहून जास्त. समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, निवतात आणि रिकामे होतात. म्हणून किनाऱ्यावरून घाटाकडे जावे तसा पाऊस वाढत जातो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्याही पुढे जातो, आणि घाट ओलांडला की एकदम ओसरतो. कधी कधी पाऊस पंचांगालाही ऐकत नाही. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. रोहिणी नुकती लागली होती. शेतकऱ्यांची भाजवळ व्हायची राहिली आणि किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी भिजली. मे महिन्यातल्या शेवटच्या आठवड्यावर कोळ्याचे पुष्कळ गणित असते. बोटी वर घ्यायच्या, जाळी धुऊन वाळवायची, चार महिन्यांची सुकी मासळी डब्यात भरायची. तो आठवडाच पावसाने खाल्ला, तर त्याची कोणत्याही तक्त्यात नोंद होत नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. कारणे दोन. एक तर समुद्र खवळलेला. आणि दुसरे, पुष्कळ जातींच्या माशांचा हा अंडी घालण्याचा काळ. कायद्याने १ ऑगस्ट उजाडला की बंदी उठते. पण रूढी सांगते की नारळी पौर्णिमेला सागराला नारळ द्यावा, मग बोट लोटावी. ही पौर्णिमा तिथीची. २०२० साली ती ३ ऑगस्टला आली, आणि २०२३ साली अधिक श्रावण असल्यामुळे थेट ३० ऑगस्टला. कॅलेंडराची तारीख ठाम आणि तिथी सरकती. मग समुद्र ऐकतो कोणाचे? खरे सांगायचे तर कोणाचेच नाही. आषाढ-श्रावणाच्या संधीला एखाद्या वर्षी पाणी शांत असते, एखाद्या वर्षी १० ऑगस्टलाही बोट नाकावर आपटते. पण बंदी उठल्यावर शेजाऱ्याची बोट गेली की आपली बांधून ठेवणे अवघड जाते. दोन महिने कमाई नाही, बोटीची डागडुजी उसन्या पैशांवर, खलाशांना उचल दिलेली, बर्फ आणि डिझेल उधारीवर. पहिल्या फेरीची कोळंबी चांगल्या भावाने जाते हे सगळ्यांना माहीत. अशा वेळी रेडिओवरचे ते ताशी ४५ ते ५५ किलोमीटर कानांवर येते. तुम्ही-आम्ही घरी बसून म्हणू, अहो, जाऊ नये म्हणून सांगितले आहे ना! ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला ते वाक्य वेगळे ऐकू येते. त्याला धाडसी म्हणा की अविचारी, पण आधी त्याची वही पाहा.

मासळीचा लिलाव हे हर्णैचे मोठे दृश्य. सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर एकदा, पुळणीवर मासळीचे ढीग मांडतात आणि बोली सुरू होते. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, कोळंबी, बोंबील, मांदेली. मोठ्या बोटी काठाला लागत नाहीत. त्या पाण्यात नांगरून उभ्या राहतात आणि मासळी लहान होड्यांतून आणि पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीतूनही काठाला आली आहे. समुद्रात छातीभर पाण्यात उभे असलेले बैल हे चित्र दुसरीकडे फार ठिकाणी मिळायचे नाही. पाहायला मौज वाटते. परंतु त्याचा अर्थ असा की बोट लावायला पुरेसा धक्का नव्हता म्हणून बैल पाण्यात गेले. बोली पुरुष पुकारतात, पण भाव पाडण्या-चढवण्यात आणि मासळी निवडण्यात बायकांचा हात धरणारा कोणी नाही. टोपली डोक्यावर घेऊन वाड्यावस्त्यांवर जाणारी बाई ही दापोलीकडच्या घरांची खरी हवामान-वार्ता. "आज नाय काय ताई, वारा हाय," एवढे ती अंगणातून सांगते आणि घरात आमटीची तयारी सुरू होते. या बंदरावर कोळी आहेत, मुसलमान आहेत, भंडारी आहेत. बोटीवर कोण, बर्फावर कोण, गाडीवर कोण याची वाटणी जुनी आहे. एक दिवस वारा पडला नाही तर ती सगळी साखळी बसून राहते.

आणि वाऱ्याइतकाच ढगही नडतो. कार्तिक-मार्गशीर्षात दक्षिणेकडे कुठे कमी दाबाचा पट्टा झाला की इथे आभाळ येते. त्या मळभाने सुकायला घातलेली मासळी खराब होते आणि त्याच मळभाने वर बागेत आंब्याच्या मोहोरावर तुडतुडा पडतो. आंबेवाला आणि मासेवाला एरवी एकमेकांच्या धंद्याबद्दल फारसे बोलत नाहीत, पण आकाशाकडे पाहून दोघेही एकच शिवी घालतात.

शिक्षक बंधुभगिनींना आता एक गणित सांगतो. किनाऱ्यावरच्या शाळांत ते पोरांना आधीच ठाऊक असेल. देशावरच्या शाळांनी मुद्दाम करावे. भरतीची वेळ काढायला कोळ्याला तक्ता लागत नाही. तो तिथीची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वा अकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हे कसे जमते? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती चंद्रामागे जाते. म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. पाच-सात मिनिटांची तूट राहते आणि गावागणिक वेळ थोडी बदलते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. मुंबईपासून हर्णैपर्यंत कामापुरते हे गणित बरोबर येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास थोडे चढते, थोडे उतरते, तो भांग. पावकी, निमकी, पाऊणकी आपण पाठ करून घेत होतो ती बंद झाली. पण समुद्राने पाऊणकी सोडलेली नाही.

याच गणिताने एक अलीकडची गोष्ट पाहू. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-अलिबागच्या टापूत आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. दापोली आणि मंडणगड हे रत्नागिरीचे उत्तरेकडचे तालुके त्या तडाख्यात पुरते सापडले. हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले, केळशी, मुरूड इथली छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावांत दिवसामागून दिवस दिवा लागला नाही. वर करोनाची टाळेबंदी. पोफळ लावल्यापासून भरघोस उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षे घेते. बाप गेला तरी बाग राहते या भरवशावर जगणाऱ्या माणसांची बाग एका दुपारी गेली. आता तिथी पाहा. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी सकाळीच संपून त्रयोदशी लागली होती. पाऊणपट केली की भरती येते नऊ-पावणेदहाच्या सुमारास. वादळ किनाऱ्याला भिडले ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. म्हणजे पाणी उतरत होते. उधाणाचे दिवस जवळ आलेले. वादळाने लोटलेले पाणी त्या भरतीच्या माथ्यावर बसते तर खाडीकाठच्या घरांचे काय झाले असते ते सांगायला नको. चार तास अलीकडे-पलीकडे, एवढाच तो हिशेब होता.

चक्रीवादळे आपल्या समुद्राला नवी नाहीत. १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या किनाऱ्यावरच्या आगबोटी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली; ते चक्रीवादळ नव्हते, भर पावसाळ्यातला खवळलेला समुद्र होता, आणि दिवस गटारी अमावास्येचा. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आले. लक्षद्वीपच्या बाजूला तयार झाले आणि दोन-तीन दिवसांत, ११ तारखेला, अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढले. मासेमारीचा ऐन हंगाम, शेकडो बोटी पाण्यावर. रत्नागिरीचे कित्येक खलाशी त्यातून परतले नाहीत. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार' किनाऱ्यापासून दूर राहून ओमानकडे वळले, आणि ते पुरते विरते न विरते तोच मागून 'महा'. २०२१ च्या मेमध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले.

या वर्षांत एक संगती दिसेल. वादळे येतात ती पावसाळ्याच्या अगदी आधी, नाही तर पावसाळा सरल्यावर. मधल्या ऐन पावसाळ्यात चक्रीवादळ क्वचित. याचे कारण असे. चक्रीवादळाला ऊबदार पाणी लागते, साधारण २६-२७ अंशांच्या वरचे, आणि खालपासून वरपर्यंत वारा फार विसंगत चालत नाही अशी हवा लागते. भर पावसाळ्यात खालचा वारा नैर्ऋत्येचा आणि खूप उंचावरचा वारा पूर्वेचा. उतरंड रचायला जावे आणि खालचे मडके एकीकडे, वरचे दुसरीकडे कोणी ओढावे तशी अवस्था होते. उतरंड उभीच राहत नाही. ज्येष्ठाच्या आधी आणि आश्विनानंतर ही ओढाताण नसते. आणि अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत अधिक तापू लागले आहे, हे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. बंगालचा उपसागर वादळांचा आणि आपला समुद्र शांत, ही आमच्या पुस्तकांतली जुनी वाटणी आता तशीच शिकवता येणार नाही.

वादळाची चाहूल जुन्या लोकांना लागत नव्हती असे नाही. समुद्राची गाज कोणत्या अंगाने येते यावर त्यांचे लक्ष असे. वारा पडलेला, आकाश मोकळे, आणि तरी दक्षिणेकडून लांब लांब लाटांचा जड आवाज येऊ लागला की म्हातारे बोटी वर घ्यायला सांगत. यात चमत्कार काही नाही. दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा पुष्कळदा वादळाच्या पुढे धावतात. म्हाताऱ्यांचे निरीक्षण खरे होते. मात्र गाज किती अंतरावरच्या वादळाची आणि ते कोणीकडे वळणार, हे गाज सांगत नाही. ते काम उपग्रहाचे आणि वेधशाळेचे. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था आता लाटांच्या उंचीचा अंदाज देते, मासे कोणत्या पट्ट्यात सापडतील याचीही सूचना देते.

बंदरावरचे बावटेही ठाऊक असावेत. एक ते अकरा असे त्यांचे क्रमांक आहेत. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन म्हणजे या बंदरावरच जोराचे वारे येण्याचा संभव. चार म्हणजे या बंदरालाच वादळाचा इशारा. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका, आणि अकरा म्हणजे वेधशाळेशी संपर्कच तुटला आहे. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि पिंप यांच्या आकृत्या चढवतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे. "तीन नंबरचा बावटा लागला" ही बातमी वर्तमानपत्रांत येते. तीन म्हणजे काय हे वर्गात एकदा सांगून ठेवले तर घरी जाऊन मूल आपल्या बापाला सांगेल, आणि कोळ्याचा मुलगा असेल तर तो वर्गाला सांगेल. आठवीच्या वर्गाने भिंतीवर एक तक्ता लावावा : तारीख, तिथी, पाऊणपटीने काढलेली भरती, प्रत्यक्ष पाहिलेली भरती, वाऱ्याची दिशा, रेडिओवरचा इशारा आणि त्या दिवशी बोटी गेल्या की नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. इशारा ऐकला, मानला, पुढे काय?

जी बोट काठाजवळ आहे ती थांबली. पण जी दोन दिवसांपूर्वी गेली आहे आणि चाळीस वाव पाण्यात जाळे टाकून बसली आहे, तिला परत यायचे आहे. इंजिनावर कित्येक तासांचा रस्ता. ती हर्णैला येते. हर्णैचा आडोसा 'थोडा' आहे, असे मी मघाशी म्हटले. रोजच्या वाऱ्याला तो पुरतो. वादळात खडकाशेजारी नांगरलेली बोट म्हणजे खडकावर आपटायची बोट. म्हणून हर्णैच्या बोटी वादळात आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात, नाही तर दूर दाभोळ-जयगडकडे जातात. आंजर्ल्याची खाडी जवळची, आत शिरले की सुरक्षित. पण खाडीच्या तोंडाशी गाळ आणि वाळू साठली आहे. ओहोटीला मोठ्या बोटीला आत शिरायला पाणीच नसते, आणि वादळी लाटा नेमक्या त्या उथळावर फुटतात. या तोंडाशी बोटी फुटल्या आहेत, बुडाल्या आहेत.

मग भरतीची वाट पाहायची. इथे पाऊणकीचा हिशेब जिवाशी येतो. समजा, अष्टमी आहे. भरती सहाला. इशारा सकाळी दहाला कानांवर आला, बोट संध्याकाळी सातला तोंडाशी पोचली. सहाची भरती उलटली, पाणी उतरायला लागले, आणि भांगाचे दिवस म्हणून ते आधीच उणे. पुढची भरती पहाटे. मधली रात्र बाहेर काढायची. फयान आले तो दिवस कार्तिक वद्यातला, अष्टमीच्या जवळचा, भांगाचाच होता.

हर्णैला भरवशाचे बंदर हवे आणि खाडीच्या तोंडाचा गाळ वेळेवर निघावा, ही तिथल्या माणसांची मागणी कित्येक वर्षांची आहे. त्यांना इशारा समजत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला पावसाळ्याआधी एकदा आंजर्ल्याच्या खाडीवर न्यावे, ओहोटीच्या वेळी. तिथल्या वाळूवर माणसे गुडघाभर पाण्यातून चालत जाताना दिसतील, आणि बाहेर सुवर्णदुर्गाच्या अंगाला बोटी भरतीची वाट पाहत उभ्या असतील.